गुरुवारची वाट

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार विभागला जावा म्हणून कधीकाळी हा वार ठरला आणि तो तसाच राहिला. माझे सासरे, अण्णा, भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. गुरुवारी कारखाना बंद, मुलं शाळेत, सासूबाई त्यांच्या कामात. अण्णा पहाटेची लोकल पकडून मावळात उतरायचे, नाहीतर स्वारगेटवरून वेल्ह्याची एसटी धरायचे, आणि एकटेच एखादी वाट बघून यायचे. पाणी कुठं आहे, कोणत्या टाक्यातलं पिण्यासारखं आहे, पावसानं वाट कुठं मोडली आहे, सावली कुठवर मिळते, परतीची शेवटची गाडी कितीला. मग एखाद्या रविवारची रजा टाकायची आणि त्याच वाटेनं सगळ्या घराला घेऊन जायचं.

डोंगरवेड्या माणसांची घरं मी पुढं पुष्कळ पाहिली. नवरा सुट्टीच्या दिवशी घरात सापडत नाही, ही त्या घरांतल्या बायकांची जुनी तक्रार. आमच्या घरात ती कधी ऐकू आली नाही. गुरुवारचा डोंगर अण्णांचा एकट्याचा होता खरा, पण तिथंही त्यांची नजर आमच्यासाठीच वाट तपासत असायची. त्यांच्या वहीत एका ठिकाणी लिहिलं आहे, ‘कातळटप्प्याच्या डाव्या अंगानं जावं. उजवीकडं मुलीचा पाय पुरणार नाही.’ ही मुलगी म्हणजे माझी नणंद. त्या दिवशी ती शाळेत भूगोलाचा पेपर देत होती, आणि तिचा बाप तोरण्याच्या अंगावर उभा राहून तिच्या पावलांचं माप मनात धरत होता.

मी परतवाड्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेली. अंगणातून गाविलगडाचे डोंगर रोज दिसायचे. पावसाळ्यात निळे, उन्हाळ्यात मातकट. ते दिसण्यासाठी असतात, चढण्यासाठी नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. १९९८ साली अण्णा मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न माझ्या वडिलांना विचारला, “गोनीदांचा जन्म इथलाच ना?” गो. नी. दांडेकर परतवाड्यात जन्मले हे आमच्या बाबांना ऐकून ठाऊक होतं. त्याच वर्षी १ जूनला गोनीदा गेले होते. अण्णा त्यांच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावं तसं बोलत राहिले. गोनीदांचं तळेगाव अण्णांच्या चिंचवडपासून लोकलनं जवळच, आणि गोनीदांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ अण्णांकडं वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, पानोपानी खुणा केलेली. शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. उठता उठता एवढंच म्हणाले, “डोंगर चढायची आवड आहे का मुलीला?” बाबा म्हणाले, “आमच्या पोरीले सायकल येते. डोंगराचं काही सांगता येत नाही बा.”

लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, राजमाचीला काजवे बघायला जायचं ठरलं. निघण्याच्या आधल्या संध्याकाळी अण्णांनी माझ्यापुढं नव्याकोऱ्या हंटर बुटांचं खोकं ठेवलं. माप कधी घेतलं, मला कळलंच नाही. दारातल्या माझ्या चपलेवरून त्यांनी नंबर पाहून ठेवला होता. कॅनव्हासचे ते हिरवट बूट त्या काळी सगळ्या भटक्यांच्या पायात असायचे. स्वस्त, हलके आणि ओल्या दगडावर पकड घेणारे. बुटांच्या आत जाड मोज्यांचा एक जोड घडी करून ठेवलेला होता.

लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनं राजमाचीची वाट लांबलचक आहे, पण चढाची नाही. अण्णा सगळ्यांत मागं होते. ते कधीच पुढं चालायचे नाहीत. पुढं जायला त्यांनी माझ्या नवऱ्याला तयार केलं होतं, मधे बायकामुलं, आणि शेवटी अण्णा. जो सगळ्यांत हळू चालतो त्याच्या एक पाऊल मागं त्यांची जागा असे. त्या दिवशी सगळ्यांत हळू मी होते. नव्या सुनेला दम लागलाय हे दिसू नये म्हणून मी धडपडत होते, आणि ते दर थोड्या वेळानं स्वतःच थांबून काहीतरी दाखवायचे. ही कारवी, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि हिच्याच काठ्यांच्या कुडाच्या भिंती होतात. ही करवंदाची जाळी; अजून चार-दोन राहिली असतील बघ. तो आवाज ऐकलास? शीळ घालणारा कस्तूर. मला वाटायचं त्यांना फार माहिती आहे आणि सांगायची हौस आहे. माहिती होतीच. पण ते थांबे माझ्या श्वासासाठी होते, हे मला फार पुढं, माझ्या मुलींना घेऊन चालताना उमगलं.

राजमाचीच्या उढेवाडीत आम्ही ज्या घरी उतरलो तिथं अण्णांचं येणंजाणं जुनं होतं. रात्री गावाबाहेर नेऊन त्यांनी सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग एक झाड उजळलं आणि विझलं. मग त्याच्या शेजारचं. मग उतारावरची सगळीच झाडं एका लयीत उजळू आणि विझू लागली, श्रीवर्धन आणि मनरंजन या बालेकिल्ल्यांच्या काळ्या आकृत्यांखाली, आवाज नाही, वारा नाही. कोणी बोललं नाही. अण्णांनी मात्र त्या अंधारातही हलक्या आवाजात एकेकाला नावानं हाक मारून घेतली, सगळे आहेत ना म्हणून. परत आल्यावर त्यांनी चुलीवर पाणी तापवून घेतलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि घमेलं माझ्यापुढं आणून ठेवलं. सुनेच्या पायांकडं बघायचं नाही म्हणून पाठ फिरवून अंगणात गेले आणि तिथून सासूबाईंना हाक मारली, “अगं, हिच्या टाचा बघ. फोड आले असतील तर फोडू नकोस, नुसतं तेल लाव.” माहेर सोडून मला सहा महिने झाले होते. त्या घमेल्यात पाय बुडवल्यावर मी पहिल्यांदा या घरात निवांत बसले.

अण्णांच्या वह्यांबद्दल सांगायला हवं. शाळेच्या दोनशेपानी वह्या, वरती गडाचं नाव आणि तारीख. उंची, इतिहास, दरवाजे, तट यांची नोंद त्यांत नाहीच म्हटलं तरी चालेल. ते सगळं पुस्तकांत आहे, असं ते म्हणायचे. वहीत पाणी आहे, वाट आहे, वेळ आहे आणि माणसं आहेत. ‘हरिश्चंद्रगड. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी कमरेइतकं आणि बर्फासारखं गार, मुलाला आत सोडू नये.’ ‘तोलारखिंडीतून परत. धुकं दाट, हिला कणकण. कोकणकडा कुठं जातोय.’ गडाच्या इतक्या जवळून ते परतले होते. सासूबाई सांगतात, अंगात ताप फारसा नव्हताच, त्या चालल्या असत्या. पण अण्णांनी एकदा त्यांच्या कपाळाला हात लावला आणि सॅक फिरवून पाठीवर घेतली.

त्यांचे नियम ठाम होते. अत्तर, सुगंधी तेल, गजरा काही नाही. आग्या मोहोळ वासावर उठतं. कड्याजवळ धूर करायचा नाही, मोठ्यानं ओरडायचं नाही. गवतात पाऊल टाकायच्या आधी काठी टेकवायची. फुरसं एवढंसं असतं, पालापाचोळ्यात दिसत नाही. पिण्याच्या टाक्यात हात-पाय धुवायचे नाहीत. चढण्यापूर्वी पायथ्याच्या एका घरी सांगून जायचं की आम्ही इतकी माणसं, या वाटेनं, अमुक वाजेपर्यंत खाली. आणि घरी घड्याळाच्या मागं चिठ्ठी: कुठं, कोणत्या बाजूनं, कधी परत. मोबाईल येण्याच्या आधीच्या काळात गावातल्या एसटीडीवरून ते शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचे आणि दुकानातला पोरगा जिन्यातून ओरडायचा, “काकू, अण्णा उतरले!” सासूबाई मग कुकर लावायच्या.

मावळातली पवना नदी पिंपरी-चिंचवडला पाणी पाजते. तिच्यावर धरण झालं तेव्हा खोऱ्यातली काही गावं बुडाली. अण्णांचं गाव त्यांतलं. ते तेव्हा कारखान्यात नुकतेच लागले होते. सासूबाई त्या गावात सून म्हणून आल्या आणि दोनच पावसाळे राहिल्या. मोबदला, पर्यायी जमीन, कागद, खेटे या गोष्टी अण्णांनी आमच्याजवळ कधी काढल्या नाहीत. पवनेच्या धरणग्रस्तांचं गाऱ्हाणं अजून संपलेलं नाही, हे मला वर्तमानपत्रांतून कळत आलं. पण दर हिवाळ्यात एकदा ते आम्हाला तुंगावर न्यायचे. तुंग हा उभा सुळक्यासारखा गड, वर जागा थोडी, आणि तीन बाजूंनी पाणी. माथ्यावर गेल्यावर अण्णा एक ठरलेली जागा धरायचे. एक हात तिकोन्याच्या टोकाकडं, दुसरा लोहगडाच्या विंचूकाट्याकडं, आणि मग दोन्ही हात हळूहळू पाण्यावर एकत्र आणायचे. “इथं आपलं अंगण.” टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, दोन रेषा जिथं मिळतात तो बिंदू चुकायचा नाही. सासूबाई डबे उघडता उघडता म्हणायच्या, “अहो, जरा अलीकडं घ्या. वड पलीकडं होता, चूल अलीकडं.” आणि अण्णा मुकाट्यानं हात जरासा सरकवायचे.

उन्हाळ्यात धरण आटलं की जुनं वाघेश्वराचं देऊळ पाण्यातून वर येतं. लोक बघायला जातात, फोटो काढतात. अण्णा तिथं एकदाही गेले नाहीत. त्यांना तुंग पुरायचा. मला वाटतं, ज्याचं घर पाण्याखाली गेलं त्या माणसानं आपली सगळी माणसं पुन्हा पुन्हा उंचावर नेऊन ठेवली. पाणी जिथवर येत नाही तिथं सगळ्यांना एकत्र बसवून डबा खाताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा मी एरवी कधी पाहिला नाही. हे मी त्यांना विचारलं असतं तर ते हसून म्हणाले असते, “अगं, हवा चांगली असते.”

राजगडावर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव. रायगड राज्याभिषेकाचा, प्रतापगड पराक्रमाचा. राजगड संसाराचा, असं ते नातींना सांगायचे. पंचवीसएक वर्षं राज्याचा कारभार तिथून चालला. १६७० साली राजाराम महाराज तिथं जन्मले. सईबाई राणीसाहेब १६५९ च्या सप्टेंबरात तिथंच गेल्या. शंभूराजे तेव्हा दोन वर्षांचे. अफजलखानाचं संकट दारात उभं, आणि पुढं दोनच महिन्यांत प्रतापगडाखालची ती भेट. “घरात असं दुःख आणि बाहेर असं संकट,” अण्णा पद्मावती माचीवर, देवळाच्या कट्ट्याला टेकून म्हणायचे, “आणि तरी माणूस उठून कामाला लागला. हे लक्षात ठेवा. तलवारीचं काय, ती संग्रहालयात असते.” माझी थोरली मुलगी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तिनं विचारलं, शंभूराजांना मग जेवायला कोण घालायचं? अण्णांनी तो प्रश्न अगदी मनापासून घेतला. जिजाऊंविषयी, शंभूराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊविषयी ते उतरताना सगळी वाट बोलत राहिले. पाली दरवाजाच्या पायऱ्या कधी संपल्या ते तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत जे सांगितलं त्यात लढाई एकही नव्हती, धाराऊच होती.

सासूबाईंचे गुडघे गेले, आणि इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी उतरताना दुखायचे, मग चढताना, मग जिन्यातही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्या रात्री जेवताना त्याच म्हणाल्या, “तुम्ही सगळे जात जा. मी घरी निवांत राहीन.” अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी नेहमीप्रमाणं गेले, वही घेऊन. तेव्हा ते निवृत्त झालेले होते, पण गुरुवार सुटला नव्हता. परत आल्यावर वहीत पाहिलं तर गडाच्या नावाखाली गडाबद्दल काहीच नव्हतं. ‘मारुतीच्या देवळापर्यंत जीप येते. पार प्रशस्त, पिंपळाची सावली दुपारी तीनपर्यंत. समोरच्या घरात म्हातारी आहे, बोलकी. शौचालयाची सोय आहे. पारावरून बालेकिल्ला पुरता दिसतो.’

तेव्हापासून आमचे गड त्यांच्या पायथ्यावरून ठरू लागले. आम्ही वर जायचो. माझा नवरा पुढं, आणि शेवटी आता मी. अण्णा सासूबाईंजवळ खाली बसायचे. आम्ही भांडलो, विनवण्या केल्या, पाळी लावू म्हटलं. सासूबाई तर चिडल्याच, “माझ्यासाठी बसू नका, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.” अण्णा म्हणाले, “तुझ्यासाठी कोण बसतंय? मला गड बघायचाय. वर गेलं की गड दिसत नाही, आजूबाजूचे डोंगर दिसतात. गड इथून दिसतो.” आणि ते खरोखर बघत बसायचे. सकाळचं ऊन कोणत्या बुरुजावर आधी येतं, ढगाची सावली माचीवरून कशी सरकते, घारी कोणत्या कड्याशी घिरट्या घालतात, आणि आम्ही, रंगीत ठिपके, कोणत्या वळणावर आलो. आम्ही खाली आलो की ते आमचीच चाल आम्हाला सांगायचे: तिसऱ्या वळणावर कोण बसलं होतं? लाल टोपी. पाणी कमी पडलं का?

राजगडाच्या पायथ्याला, पाल गावात, सईबाईंची समाधी आहे. चढणाऱ्यांची घाई असते, थोडेच जण तिथं थांबतात. त्या दोघांनी तिथं एक अख्खा दिवस काढला. सासूबाईंनी जाताना चिंचवडच्या परसातली जास्वंदीची फुलं नेली होती. आम्ही संध्याकाळी उतरलो तेव्हा गावातल्या तीन-चार बायका त्यांच्याभोवती बसल्या होत्या, पाटीभर वालाच्या शेंगा मधे घेऊन, आणि अण्णाही शेंगा सोलत होते. घरी येताना सासूबाई गाडीत म्हणाल्या, “इतक्या वेळा राजगडला आले, पण राजगडची माणसं मला आज भेटली.” चढून जाणाऱ्यांच्या वाट्याला हे येत नाही. आमच्या सगळ्या माथ्यांपेक्षा त्या दोघांच्या पायथ्यांनी आमच्या घरात अधिक भर घातली, असं मी आज म्हणेन. त्यांतून नाती जुळली. मुलींच्या जुन्या सायकली, वह्या, दप्तरं जूनमध्ये तिकडं जाऊ लागली. तिकडून नाचणी, हातसडीचे तांदूळ, मे महिन्यात करवंदं येऊ लागली. एका घरच्या मुलीचं बाळंतपण चिंचवडला आमच्याकडं राहून झालं. लग्नपत्रिकांचा एक गठ्ठाच झाला. मावळातल्या, वेल्ह्यातल्या, भोरातल्या त्या लग्नांना अण्णा आणि सासूबाई जोडीनं जायचे, अक्षता टाकायचे, पंगतीला बसायचे.

एकदा अण्णा माझ्या माहेरी आले ते गाविलगडासाठी. बाबा तेव्हा थकले होते. जन्मभर त्यांनी तो डोंगर अंगणातून पाहिला होता. अण्णांनी आल्या दिवशीच विचारपूस करून ठेवली: चिखलदऱ्यापर्यंत गाडी, तिथून गड जवळ, चाल बेताची. दोघे व्याही एकमेकांच्या हाताला धरून शार्दूल दरवाजातून आत गेले. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं हा गड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, त्या तोफांच्या आणि खिंडाराच्या गोष्टी अण्णांनी वाचून आणल्या होत्या. पण त्यांनी त्या काढल्याच नाहीत, कारण बाबा तटावर उभे राहून खाली मैदानात आपलं गाव शोधत होते. सापडलं की नाही कुणास ठाऊक. खूप वेळानं ते अण्णांना म्हणाले, “एवढ्या वर्षांत मले कोनी म्हनलंच नाही, चाला म्हनून.” अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मी त्यांची मुलगी; पण त्यांना तो डोंगर दाखवला तो माझ्या सासऱ्यांनी, आणि हे ऋण मी उघडपणे इथं लिहून ठेवते.

अण्णा २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. हृदयाचं दुखणं, थोडे दिवस दवाखाना, मग नाही. त्या दिवसांबद्दल लिहावंसं फारसं काही नाही; दवाखाने सगळीकडं सारखे असतात. संध्याकाळी भेटायच्या वेळी आम्ही सगळे आत जायचो तेव्हा ते डोळे उघडून चेहरे मोजायचे आणि विचारायचे, “सगळे इथं? मग घरी हिच्यापाशी कोण आहे?” रोज हाच प्रश्न. शेवटी आम्ही एकानं घरी थांबायचं ठरवलं, आणि ते सांगितल्यावर त्यांचा जीव खाली पडायचा.

मावळात तेव्हा भाताची झोडणी चालू होती. ऐन कामाचे दिवस. तरी तेराव्याला दोन जीप भरून माणसं आली. पालहून, उढेवाडीहून, तुंगवाडीहून. एकमेकांना ती ओळखतही नव्हती. आमच्या दारात त्यांची पहिली भेट झाली. नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं त्यांनी ओट्यावर ठेवलं. एक म्हातारे गृहस्थ माझ्या नवऱ्याला सांगत होते की तुझा बाप आमच्या पारावर बसायचा तेव्हा वाटायचं, आपला गड आपल्यालाही नीट बघायला पाहिजे.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा दुर्ग गेले. राजगड आणि लोहगड त्यांत आहेत. तमिळनाडूतला जिंजी सोडला तर बाकी अकरा आपल्याकडचे. बातमी आली त्या दिवशी घरात सगळ्यांना एकदमच अण्णांची आठवण झाली आणि कोणी ती बोलून दाखवली नाही. आता पावसाळ्यात गडांवर गर्दी लोटते. तिला नावं ठेवणं मला पटत नाही. लोहगडाच्या पायऱ्यांवर पोरांचे घोळके पाहून अण्णा खूश व्हायचे. येऊ देत, पाय चालताहेत हे चांगलं, म्हणायचे. मात्र या गर्दीत म्हातारी माणसं दिसत नाहीत, हे मला खुपतं. आई-वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना घरी ठेवून मुलं गडावर येतात, आणि पायथ्याच्या गावातून गाड्या धुरळा उडवत थेट वाहनतळाला लागतात. त्या गावांत पार आहेत, पिंपळ आहेत, बोलकी म्हातारी माणसं आहेत. तुमच्या घरी कोणी थकलेलं असेल तर त्यांना न्या. सतरंजी, पाणी, डबा, औषधाची पुडी, एवढंच लागतं. आणि त्यांच्याजवळ एकानं बसायचं.

वह्या आता थोरलीकडं आहेत. शेवटच्या वहीत, शेवटच्या पानावर साल्हेरचं नाव लिहिलेलं आहे, खाली काही नाही. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच गड. पार बागलाणात, नाशिकच्या टोकाला. अण्णांचा तो राहून गेला. थोरलीनं मागच्या महिन्यात, एका गुरुवारी रजा काढून, साल्हेरवाडीला जाऊन पाहणी केली. देऊळ कुठं, सावली कुठवर, गाडी कितपत आत जाते, सगळं आजोबांसारखंच लिहून आणलं. या हिवाळ्यात आम्ही सगळे जाणार आहोत, सासूबाईंना घेऊन. त्यांच्याजवळ खाली कोण थांबणार, यावरून सध्या घरात भांडण चालू आहे. माझ्या दोन्ही मुली, त्यांचा बाप आणि मी, चौघांनाही थांबायचं आहे.